याचं धुराडं कुठंय?

नोव्हेंबर उलटला की आमच्या नाशिकात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो, निफाडचा पारा किती उतरला? पेपरात तो आकडा आला की घरोघरी कपाटातले स्वेटर बाहेर निघतात, चहाच्या फेऱ्या वाढतात आणि बाथरूममधल्या गॅस गीझरवरची धूळ झटकली जाते. जुने सेल काढून नवे घालायचे, नळ सोडायचा, 'फुर्रर्र' आवाज करत ज्योत पेटली की झालं! मग दार लावायचं, खिडकी गच्च बंद करायची आणि कढत पाण्याने मनसोक्त अंघोळ करायची. मैत्रिणींनो, आज मला त्या लावलेल्या दाराबद्दल आणि गच्च बंद केलेल्या खिडकीबद्दल बोलायचंय.

गॅस म्हटला की आपण बायका तशा सावधच असतो. रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद केला की नाही, हे दोनदा बघितल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. वास आला तर बटण दाबायचं नाही, काडी ओढायची नाही, खिडक्या उघडायच्या, हे घरातल्या लहान पोरांनाही पाठ असतं. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती चटकन कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. त्या वासाने आजवर कितीतरी घरं वाचवली असतील.

पण या सवयीमुळे आपली एक समजूत होऊन बसली आहे. वास नाही, म्हणजे धोका नाही! आणि गॅस गीझरच्या बाबतीत नेमकी हीच समजूत घात करते. गॅस अजिबात गळत नसतो, नळी नवी असते, ज्योत व्यवस्थित पेटलेली असते आणि तरीही आत गेलेलं माणूस बाहेर येत नाही. कारण तिथे माणसाला मारणारा वायू वेगळाच असतो. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर एक चौकोनी कुटुंब राहतं. मुलगी तेव्हा बारावीला होती. रविवार होता, आदल्या रात्री आईने डोक्याला तेल चोळून दिलेलं. लांब केस, त्यामुळे नहायला वेळ लागणार हे घरात सगळ्यांना माहीत. पाण्याचा आवाज येत होता, गीझरचा आवाज येत होता. वीसेक मिनिटांनी आईने दारावर टकटक केली, "अगं आटप की, बाबांना जायचंय." उत्तर नाही. दुसऱ्यांदा हाक मारली, तरी नाही. माऊलीने मग जो आरडाओरडा केला, तो ऐकून आम्ही धावत वर गेलो. शेजारच्या भाऊंनी खांद्याने धक्का देऊन कडी उखडली. पोरगी फरशीवर कोसळली होती. नळ चालू, गीझर चालू आणि खोलीत नुसती वाफ!

तिला उचलून बाहेर गॅलरीत आणलं. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. तेवढ्यात कुणीतरी १०८ ला फोन लावला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत तिने डोळे उघडले होते, पण भलतंच काहीतरी बडबडत होती. तिथे पहिला प्रश्न आला, "सकाळी काही खाल्लं होतं का? उपास वगैरे होता का?" परीक्षेचा ताण, जागरण, अशक्तपणा अशी चर्चा सुरू झाली. फिट आली असेल का, अशीही शंका निघाली. मग एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी आईला वेगळंच विचारलं, "घरी अंघोळीचं पाणी कशावर तापवता?"

या एका प्रश्नाने सगळं चित्र पालटलं. रक्ताची तपासणी झाली, ऑक्सिजन लावला. पोरगी वाचली. पुढे कित्येक दिवस तिचं डोकं दुखायचं, वाचलेलं लक्षात राहायचं नाही. आता ती कॉलेजला जाते, छान आहे. पण तिची आई आजही भेटली की म्हणते, "काकू, गॅसचा वास अजिबात नव्हता हो! असता तर मी तिला आत जाऊच दिलं नसतं."

गीझर बसवायला आलेल्या माणसाने तेव्हा सांगितलं होतं, "खिडकी आहे ना ताई? मग काही टेन्शन नाही." खिडकी होती हे खरंच. पण समोरची इमारत उभी राहिल्यावर तिथल्या गॅलरीतून दिसतं म्हणून त्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर आतून प्लास्टिकचा जाड कागद चिकटवलेला होता. आता यात त्या आईला कसा दोष द्यायचा? वयात आलेली मुलगी घरात असेल तर कुठलीही आई हेच करेल.

बंदिस्त खोलीत होतं काय?

त्या दिवसानंतर मी या विषयाचा थोडा पिच्छाच पुरवला. माहितीतल्या डॉक्टरांना विचारलं, गॅसचं काम करणाऱ्या जुन्या जाणत्या फिटरशी बोलले. त्यातून जे कळलं ते साध्या भाषेत सांगते.

कुठलाही जाळ पेटता राहायला हवा लागते. १ किलो घरगुती गॅस पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. आता गीझर बघा. दिसायला खोक्याएवढा, पण वाहतं पाणी तिथल्या तिथे तापवायचं असल्यामुळे त्याची ज्योत भलतीच मोठी असते. स्वयंपाकाच्या शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकदम पूर्ण पेटवले तर जेवढी आच होईल, जवळपास तेवढी. असा गीझर पंधरा मिनिटांत २०० ते २५० ग्रॅम गॅस जाळतो. त्याला हवा लागते सुमारे ३ घनमीटर. आपलं फ्लॅटमधलं बाथरूम चार फूट रुंद, सात फूट लांब आणि आठ फूट उंच धरलं, तर त्यात हवा असते जेमतेम सव्वासहा घनमीटर. म्हणजे एका अंघोळीत निम्म्या खोलीला पुरेल इतकी हवा गीझरच खाऊन टाकतो! शिवाय जळून झालेला वायू त्याच खोलीत सोडतो. आपण तिथेच उभ्या राहून खोल श्वास घेत असतो.

हवा कमी पडायला लागली की गॅस नीट जळत नाही. अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू श्वासातून रक्तात गेला की हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. ऑक्सिजनपेक्षा त्याची चिकटण्याची ताकद २०० पटींहून जास्त असते. मग रक्त फिरत राहतं, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं. त्याहून वाईट म्हणजे पायांतली शक्ती जाते आणि विचार गोंधळतो. काहीतरी चुकतंय, बाहेर पडावं, हे कळण्याआधीच माणूस खाली बसतो. कडी दोन फुटांवर असते, पण तिथवर हात जात नाही.

एकामागून एक अंघोळी होतात तेव्हा धोका आणखी वाढतो. पहिल्याला काही होत नाही, दुसऱ्याचं डोकं दुखतं आणि तिसरा कोसळतो. धुळवडीच्या दिवशी अंगाचा रंग काढायला तासन् तास नळ चालू असतो, तो दिवस तर फारच जपण्याचा. "आम्ही दहा वर्षं वापरतोय, आम्हाला नाही काही झालं," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एवढंच विचारते, की दहा वर्षांत खिडकी तीच आहे का? दाराखालची फट तेवढीच आहे का? गीझरची ज्योत तितकीच निळी आहे का?

दुखणं एक, नाव भलतंच

बाथरूममध्ये चक्कर आली, की आपल्याकडे कारणं तयार असतात. बीपी लो झालं असेल, गरम पाण्याने झालं असेल, उपास सोसला नसेल, 'तिचे दिवस' असतील. बाईच्या चक्करेला तर चार कारणं जास्तच सापडतात! मेंदूविकारतज्ज्ञांनी 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नाव देऊन अशा रुग्णांबद्दल वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं आहे. बाथरूममध्ये बेशुद्ध पडणं, झटके येणं हे फिट्स समजून उपचार सुरू होण्याची भीती असते. फिट्सचं औषध सुरू होतं, पण गीझर तिथेच राहतो!

म्हणून एक खूणगाठ बांधा. अंघोळ करताना किंवा करून आल्यावर डोकं दुखत असेल, मळमळत असेल आणि मोकळ्या हवेत तासा-दोन तासांत बरं वाटत असेल, घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना असं होत असेल, तर आधी गीझर बंद करा. डॉक्टरांकडे गेल्यावर 'गॅस गीझर' हा शब्द आपणहून उच्चारा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.

आणखी एक सांगायलाच हवं. करोनानंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. तो लावून "९८ दाखवतंय, मग ठीक आहे" असं या बाबतीत अजिबात धरू नका. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, यातला फरक त्या साध्या यंत्राला कळत नाही. आकडा उत्तम दिसतो आणि माणूस मात्र संकटात असतो. खरं काय ते दवाखान्यात रक्ताच्या खास तपासणीतच कळतं. शुद्धीवर आल्यावरही विसरभोळेपणा, चिडचिड असे त्रास काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी डोकं वर काढू शकतात. तेव्हा "उठून बसली ना, झालं" म्हणून दवाखाना टाळायचा नाही.

बंबाला होतं, गीझरला नाही

आमच्या सासूबाई गावाकडच्या. वाड्याच्या मागच्या पडवीत त्यांचा तांब्याचा बंब असायचा. मध्यभागी उभी नळी, खाली जाळी. जाळीवर लाकडं, गोवऱ्या पेटवायच्या, धूर त्या नळीतून वर निघून जायचा. त्या बंबाचं मला काही कौतुक सांगायचं नाही. तो पेटवताना डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या आणि पहाटे उठून तो पेटवायचा कुणी, तर घरातल्या सुनेनेच! पण एक गोष्ट त्या बाईच्या अंगात मुरलेली होती. जाळ आहे तिथे धूर आहे आणि धुराला वाट पाहिजे. फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर, आम्ही गॅस गीझर घ्यायचा म्हणालो तेव्हा त्यांनी दुकानात त्या खोक्याला चारी बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "याचं धुराडं कुठंय?"

दुकानदार हसला होता. "आजी, गॅस आहे हा, याला धूर कुठला?" सासूबाई काही ऐकेनात. त्यांच्या हट्टामुळे आमचा गीझर बाहेरच्या उघड्या गॅलरीत लागला. गॅसला डोळ्यांना दिसणारा धूर नसतो, एवढंच त्या दुकानदाराचं खरं. जळलेला वायू तर असतोच! तो दिसत नाही म्हणून त्याची वाट बांधायची आपण सोडून दिली.

गॅस गीझर आपल्याकडे इतका पसरला त्यालाही कारण आहे. भारनियमनाच्या काळात सकाळी ऐन अंघोळीच्या वेळी वीज जायची. विजेच्या गीझरपेक्षा हा स्वस्त, पाणी चटकन गरम, बिलही कमी. बाईला सकाळच्या घाईत याहून काय हवं? सोय खरीच होती. फक्त अंगणातला जाळ आपण चार बाय सातच्या खोलीत आणला आणि धुराडं तेवढं मागे राहिलं.

बाळंतिणीची खोली

गीझरबरोबर आणखी एका जाळाकडे लक्ष वेधते, कारण तो खास आपल्या बायकांच्या वाट्याला येतो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावायच्या, फटीत फडकी कोंबायची आणि आत निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक-शेगडी, धुरी करायची, ही पद्धत अजून कितीतरी घरांत आहे. "कोळसे फुललेत, धूर नाही, आता चालेल," असं आपण म्हणतो. पण धुमसणाऱ्या लालबुंद निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतच असतो, आणि भरपूर पडतो. त्या खोलीत ओली बाळंतीण असते आणि चार दिवसांचं बाळ. शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या, बाळाचे कपडे खोलीबाहेर धुरावा. आजी-पणजीचा मान राखूनच सांगते, बंद खोलीत निखारे नकोत.

गरोदर बाईने तर जास्तच जपायचं. पोटातल्या बाळाचं रक्त हा वायू आईच्या रक्तापेक्षाही घट्ट धरून ठेवतं. आईला नुसतं डोकं दुखल्यासारखं वाटत असताना आत बाळ गुदमरत असू शकतं. अशा वेळी तिने लगेच डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

गीझर बसवायचा तो असा

माझी एक मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तिकडे घर उबदार ठेवायला जुन्या घरांतून दिवाणखान्यातच गॅसची शेकोटी असते. तिच्याकडे दर वर्षी गॅसचा माणूस येतो, त्याच्याजवळ नोंदणीचं ओळखपत्र असतं. तो ज्योत बघतो आणि थोडा धूर सोडून तो धुराड्यात वर ओढला जातो की खोलीत परत येतो, हे तपासतो. भाड्याच्या घरात दर बारा महिन्यांनी ही तपासणी करून घेणं तिथे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आणि १९९८ च्या तिथल्या नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं, तर जळायला लागणारी हवा बाहेरून घेणारं आणि जळलेला वायू बाहेरच सोडणारं, पूर्ण बंदिस्त असंच बसवावं लागतं. साधं उघड्या ज्योतीचं उपकरण तिथे बाथरूममध्ये बसवताच येत नाही. मला वाटलं, आमच्या सासूबाईंचाच प्रश्न त्यांनी कायद्यात लिहून ठेवलाय!

आपण तेवढंच आपल्या घरापुरतं तरी करूया.

गीझरची जागा बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. उघडी गॅलरी, ड्राय बाल्कनी, मागची मोकळी बाजू, कुठेही. फक्त गरम पाण्याची नळी आत न्यायची. सुरुवातीला दोन तांबे पाणी गार येईल, ते बादलीत धरून कपड्यांना वापरा. गॅलरी काचा लावून पूर्ण बंद केलेली असेल, तर ती मोकळी जागा नव्हे, ती दुसरी खोलीच झाली. पावसापासून आडोसा करा, पण गीझर कपाटात कोंडू नका.

घेताना त्यावर आय.एस.आय. चिन्ह आणि आय.एस. १५५५८ हा क्रमांक बघून घ्या. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय आहे का, ठरावीक वेळाने गीझर स्वतःहून बंद होतो का, हे विचारा. घरात पाइपने येणारा गॅस असेल तर सिलिंडरवरचा गीझर त्याला तसाच जोडता येत नाही, त्याचे जेट वेगळे असतात.

सिलिंडर बाथरूममध्ये कधीही नको. तो उभा, मोकळ्या जागी ठेवायचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. रबरी नळीला मध्येच जोड देणं, ती भिंतीतून आरपार नेणं असले जुगाड नकोत. दूर न्यायचं तर माहीतगार माणसाकडून धातूची पक्की पाइपलाइन करून घ्या. स्टीलच्या तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी घ्या आणि तीसुद्धा पाच वर्षांनी बदला, तिच्यावर तारीख छापलेली असते. जोडावर साबणाचा फेस लावून गळती बघायची, काडी पेटवून नव्हे! गॅस गळतीसाठी १९०६ हा मदतीचा क्रमांक आहे, तो फ्रिजवर लिहून ठेवा.

वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, गीझर उघडून साफ करून घ्या. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लांबट, थरथरणारी ज्योत किंवा गीझरवर काजळी म्हणजे गॅस नीट जळत नाही. तो दुरुस्त होईपर्यंत वापरायचाच नाही.

आज आतच असेल तर?

सगळ्यांना उद्याच्या उद्या गीझर हलवता येणार नाही, हे मला कळतं. कुणाचं घर भाड्याचं, कुणाला गॅलरीच नाही. त्यांनी गीझर हलेपर्यंत एवढं तरी कराच.

दार आणि खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्या. गीझर बंद करा. थोडा वेळ हवा खेळू द्या. मग आत जा आणि कडी लावा. बंद दाराआड ज्योत पेटती ठेवायचीच नाही. शॉवरचा मोह थोडे दिवस बाजूला ठेवायचा. एकामागून एक अंघोळी असतील तर प्रत्येकासाठी हेच.

खिडकीवरचा कागद, थर्माकोल, प्लास्टिक काढून टाका. बाहेरून दिसतं ही अडचण खरी आहे, पण आडोसा करताना वारा अडवायची गरज नाही. बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या पट्ट्यांची जाळी लावली की नजर अडते आणि हवा येते. दाराच्या खालच्या भागात तशीच जाळी बसवून घ्या. वरून हवा जायला आणि खालून यायला, अशा दोन वाटा हव्यात. नुसता एक्झॉस्ट फॅन लावला आणि बाकी सगळं बंद, तर बाहेरची हवा आत येणार कुठून?

बाहेर मोकळी जागाच नसेल तर सरळ विजेचा गीझर घ्या, जमत असेल तर सोलर. विजेच्या गीझरला अर्थिंग वगैरे बघावं लागतं, पण तो जाळ करत नाही. बिल थोडं जास्त येईल, येऊ दे. भाडेकरू असाल तर मालकाशी बोला, नुसतं तोंडी नको, मोबाइलवर लिहून पाठवा. कार्बन मोनॉक्साइड ओळखून शिट्टी मारणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं, तेही लावता येईल. मात्र गॅस गळती सांगणारं यंत्र वेगळं आणि हे वेगळं, घेताना नीट बघा.

बाथरूमची कडी बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी बसवा. पोरांना सांगा, आत असाल तर हाकेला ओ द्यायची. आमच्या इमारतीत आता पोरं बाथरूममध्ये मोठमोठ्याने गाणी म्हणतात. सूर कसेही लागोत, आम्ही तक्रार करत नाही!

आणि देव न करो, कुणी कोसळलंच, तर आधी दार सताड उघडा, श्वास रोखून आत जा, त्या माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि गॅस बंद करा. आत रेंगाळू नका, नाहीतर एकाचे दोन होतात. १०८ किंवा ११२ ला फोन करा. श्वास चालत नसेल आणि कुणाला येत असेल तर छातीवर दाब द्यायला लागा. कांदा, चप्पल, तोंडात पाणी यातलं काही करू नका. अशा माणसाला ऑक्सिजन हवा असतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजन लावला तर तेच काम तास-दीड तासात होतं. म्हणून नेण्यात वेळ घालवायचा नाही.

त्या घटनेनंतर आम्ही भिशीच्या बायकांनी ठरवून जिने चढून-उतरून इमारतीतले सगळे गीझर बघितले. कुणाच्या खिडकीत थर्माकोल, कुणाची खिडकी पोटमाळ्याने झाकलेली, कुणाच्या गीझरवर काजळीचा थर. कुणी लगेच ऐकलं, कुणी "बघू" म्हणालं. त्यांच्याकडे आम्ही पुन्हा गेलो. एका काकांनी चिडून विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" त्यांच्या सूनबाईंनीच मग दोन दिवसांत गीझर गॅलरीत हलवून घेतला.

तुमच्याही इमारतीत, चाळीत, आळीत हे करता येईल. चार जणी मिळून जा, एका रविवारची सकाळ पुरते. कागद काढायला सांगा, दाराखालची फट बघा, ज्योतीचा रंग बघा. आणि ज्या घरात नहाण आलेली मुलगी, गरोदर सून किंवा म्हातारं माणूस आहे, त्या घरी सगळ्यात आधी जा.